पर्ज व्हॉल्व्हचा बाइट: के-लाइनवरून येणाऱ्या बत्तीस बाइटांचा उलगडा

चार सिलिंडरचं, मल्टिपॉइंट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन. गाडी जुनी, पण नीट राखलेली. तक्रार एकच होती. चांगली तापलेली गाडी पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू केली की आयडलिंग डळमळायचं. आरपीएम साडेपाचशेपर्यंत घसरायचा, हजाराला टेकायचा, पुन्हा घसरायचा. एक हेलकावा साधारण दीड सेकंदाचा. मिनिटभरात सगळं शांत. सकाळी थंड इंजिन मात्र लगेच चालू व्हायचं आणि स्थिर राहायचं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा कधी लागला नाही आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, एकही फॉल्ट कोड नव्हता.

कोड नसतो तेव्हा उरतो तो चालू डेटा. या प्रकरणात दोष शोधण्याइतकाच वेळ तो डेटा वाचता येण्यात गेला, म्हणून त्या भागाबद्दल इथे जास्त लिहितो आहे.

प्रमाणित डेटा कुठवर पोचतो

स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट पाहिलं की गाडी कोणती भाषा बोलते याचा अंदाज येतो. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ हे गाडीच्या निदानाचं मानक सक्तीचं झालं, पण त्यात एकापेक्षा जास्त प्रोटोकॉल चालत होते. सगळ्यांनी कॅन बसच वापरावी ही तिथली अट २००८ च्या मॉडेलांपासून लागू झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत पिन ६ आणि १४, म्हणजे कॅनच्या दोन तारा, रिकाम्या असतात आणि सगळा संवाद पिन ७ वरच्या एकाच तारेवर चालतो. ती के-लाइन. ४ आणि ५ या पिना ग्राउंडच्या, १६ वर बॅटरीचा प्लस. ही गाडी के-लाइनवाली, केडब्ल्यूपी २००० हा प्रोटोकॉल बोलणारी, वेग १०४०० बॉड, म्हणजे सेकंदाला तितके बिट.

पहिला प्रश्न नेहमीचा: सर्व्हिस (विनंतीचा प्रकार) ०१, पीआयडी (मागितलेल्या माहितीचा क्रमांक) ००, म्हणजे ‘कोणकोणते पीआयडी देतेस?’ उत्तर आलं ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, असं:

४१ ०० बीई ३ई बी८ १०

४१ म्हणजे ०१ ला होकार, कारण होकारात सर्व्हिसच्या आकड्यात हेक्स ४० मिळवलेले असतात. पुढचे चार बाइट म्हणजे ३२ बिट, आणि प्रत्येक बिट एका पीआयडीचा. बीई सुट्टा केला की १०१११११० मिळतो: ०१, ०३, ०४, ०५, ०६, ०७ आहेत, ०२ आणि ०८ नाहीत. ३ई मधून ०बी ते ०एफ मिळतात आणि १० मिळत नाही. हा १० नसणं महत्त्वाचं, कारण तो एअर फ्लो सेन्सरचा पीआयडी. म्हणजे हे इंजिन हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून ती गणितानं काढतं. बी८ मधून ११, १३, १४, १५ मिळाले आणि शेवटच्या १० मधून फक्त १सी. अगदी शेवटचा बिट शून्य, म्हणजे पुढची यादीच नाही. एकूण सोळा पीआयडी, त्यांतल्या मोजमापाच्या बारा. बॅटरीचं व्होल्टेज नाही, आयडल व्हॉल्व्हची स्थिती नाही, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचं काही नाही.

आहेत त्या वाचणं सोपं. ४१ ०सी ०डी २० आलं तर ०डी म्हणजे १३ आणि २० म्हणजे ३२. १३ गुणिले २५६ अधिक ३२ बरोबर ३३६०, भागिले ४ बरोबर ८४० आरपीएम. कूलंटच्या बाइटमधून ४० वजा केले की अंश सेल्सिअस. फ्यूएल ट्रिम म्हणजे ईसीयू इंधनात करतं ती कमी-जास्त दुरुस्ती. तिच्या बाइटमधून १२८ वजा करून १२८ नं भागायचं आणि शंभरनं गुणायचं, की टक्के.

अडचण वेगाची होती. के-लाइनवर एका वेळी एक पीआयडी मागायचा, उत्तराची वाट पाहायची आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी किमान ५५ मिलिसेकंद थांबायचं. बारा पीआयडींची एक फेरी पूर्ण व्हायला दीड-दोन सेकंद लागत. इकडे आरपीएमचा हेलकावाच दीड सेकंदाचा! आरपीएम हेलकाव्याच्या तळाचा, ट्रिम माथ्यावरचा आणि दाब पुढच्याच हेलकाव्यातला, अशा वेगवेगळ्या क्षणांच्या नोंदी एका ओळीत बसत होत्या. त्या ओळीवरून आधी दाब पडला की आरपीएम, हे कुणीही सांगू शकणार नाही.

सर्व्हिस २१

केडब्ल्यूपीमध्ये सर्व्हिस २१ आहे. ती उत्पादकानं स्वतः ठरवलेला डेटाचा गठ्ठा एका दमात देते. गठ्ठ्यात काय आहे ते कुठल्याही खुल्या मानकात नसतं आणि ते गाडीगणिक बदलतं. हौशी माणसाचं खरं काम इथे सुरू होतं.

एफटीडीआय चिपची के-लाइन केबल आणि पायथॉनमधला छोटा प्रोग्राम एवढी सामग्री पुरली. सुरुवातीला तार २५ मिलिसेकंद खाली धरायची, २५ मिलिसेकंद वर सोडायची आणि मग ८१ ११ एफ१ ८१ ०४ पाठवायचं. यात ११ हा ईसीयूचा पत्ता, एफ१ आपला, आणि शेवटचा ०४ म्हणजे आधीच्या बाइटांची बेरीज २५६ नं भागून उरलेली बाकी. ईसीयूनं उत्तर दिलं ८३ एफ१ ११ सी१ ईएफ ८एफ सी४, म्हणजे दार उघडलं. तार एकच असल्यानं आपण पाठवलेले बाइट आपल्यालाच परत ऐकू येतात. तेवढे मोजून टाकून द्यावे लागतात, नाहीतर आपलाच प्रश्न आपण उत्तर म्हणून वाचत बसतो. आणि पाच सेकंद काही विचारलं नाही तर संवाद तुटतो, म्हणून मधूनमधून सर्व्हिस ३ई पाठवत राहायचं.

चावी ऑन, इंजिन बंद, अशा अवस्थेत सर्व्हिस २१ ला ०० पासून एफएफ पर्यंतचे सगळे आकडे विचारले. बहुतेकांना ७एफ २१ १२ असा नकार आला. मोजक्या आकड्यांना होकार मिळाला आणि त्यांतला ०१ सगळ्यांत भरगच्च निघाला. प्रश्न ८२ ११ एफ१ २१ ०१ ए६. उत्तरात लांबीचा बाइट २२, म्हणजे ३४. त्यातून ६१ आणि ०१ वगळले की डेटाचे ३२ बाइट.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. असा शोध फक्त वाचणाऱ्या सर्व्हिसवरच घ्यावा. ३बी लिहिते, ३१ ईसीयूकडून एखादी क्रिया करवून घेते, ३४ नवा प्रोग्राम भरण्याची तयारी करते, १४ फॉल्ट कोड पुसते. ‘काय होतं ते पाहू’ म्हणून यांना आकडे लावत सुटणं म्हणजे चालत्या इंजिनाचा मेंदू जुगारावर लावणं. आणि रस्त्यावर लॉग घ्यायचा तर चालवणारा वेगळा आणि लॅपटॉप पाहणारा वेगळा हवा. माझ्याकडे चालवायला मित्र होता.

या गठ्ठ्याचा मोठा फायदा म्हणजे सगळे बाइट एकाच क्षणाचे मिळतात. पूर्ण फ्रेम तारेवर सुमारे ४० मिलिसेकंदांत येते आणि थांबण्याचे काळ धरूनही सेकंदाला पाच नोंदी मिळतात. दीड सेकंदाच्या हेलकाव्यावर सात-आठ बिंदू पडतात. हेलकावा नीट दिसायला तेवढे पुरतात.

एका वेळी एकच गोष्ट हलवायची

बत्तीस अनोळखी स्तंभांकडे नुसतं बघत राहून काही कळत नाही. बाहेर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर ठेवायचं आणि कोणता बाइट तिच्यामागे गेला ते पाहायचं.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्याआधी, कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान एकच असतं. बाइट ३ आणि बाइट ४ दोन्ही १०० होते. त्याच वेळी पीआयडी ०५ नं २७ अंश सांगितले. इंजिन तापल्यावर बाइट ३ झाला १७६ आणि पीआयडी ०५ म्हणाला ८४. फरक ५७ अंशांचा आणि ७६ एककांचा, म्हणजे एका एककाला पाऊण अंश. ०.७५ गुणिले १०० म्हणजे ७५, त्यातून २७ मिळायला ४८ वजा करावे लागतात. सूत्र ठरलं: ०.७५ गुणिले बाइट, वजा ४८. प्रमाणित पीआयडीचं ‘वजा ४०’ इथे लावलं असतं तर तापलेलं इंजिन १३६ अंशांवर दिसलं असतं. मधल्या तापमानांनाही सूत्र बरोबर उतरलं, तेव्हाच बाइट ३ पुढे नाव लिहिलं.

हेडलाइट लावले की बाइट २ खाली येत होता. मल्टिमीटरनं बॅटरीवर १२.४ व्होल्ट दाखवले तेव्हा तो १२४ होता. हा लगेच सुटला.

दाबाचा बाइट इंजिन बंद असताना वातावरणाचा दाब दाखवतो, त्यामुळे त्याची पट्टी आयतीच मिळते. समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, आणि दर शंभर मीटर चढाला साधारण १.२ नं कमी.

आरपीएमनं जास्त विचार करायला लावला. बाइट ६ आणि ७ दोन्ही इंजिनाच्या वेगासोबत हलत होते, म्हणून ते एकाच मोठ्या आकड्याचे दोन अर्धे असावेत असं वाटणं साहजिक होतं. पण तसं असतं तर वरचा अर्धा संथ वाढला असता आणि खालचा २५५ गाठून पुन्हा शून्यावरून धावला असता. इथे बाइट ७ वाढत जाऊन २५५ वर अडकून बसत होता आणि बाइट ६ त्यापुढेही वाढत होता. ८४० आरपीएमला बाइट ६ होता २१ आणि बाइट ७ होता ८४. म्हणजे एकच राशी दोन पट्ट्यांवर दिलेली: पहिली एककाला ४० आरपीएम, सगळ्या आवाक्यासाठी, दुसरी एककाला १०, आयडलिंग बारकाईनं दिसावं म्हणून, २५५० च्या पुढे निकामी. आमच्या तक्रारीला नेमकी ही बारीक पट्टी हवी होती.

एसी, ब्रेक आणि पूर्ण सोडलेलं ॲक्सिलरेटर यांचे बिट एकेक करून निघाले. शॉर्ट टर्म ट्रिम बाइट १६ वर सापडला, पीआयडी ०६ च्याच पट्टीवर. बाइट १४ आयडल व्हॉल्व्हच्या स्टेपर मोटरचा: एसी लावला की चढतो, उतरवला की उतरतो, आणि तापलेल्या, स्थिर इंजिनावर ३२ च्या आसपास राहतो.

एव्हाना वहीत मी प्रत्येक बाइटपुढे आणखी एक रकाना वाढवला होता: मोजलेला, गणलेला की हुकमाचा. बाइट २ मोजलेला आहे, एक व्होल्टेज थेट वाचलेलं. ट्रिम गणलेला आहे, ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयूनं काढलेला निष्कर्ष. आणि बाइट १४ हुकमाचा आहे. व्हॉल्व्ह खरोखर कुठे उभा आहे ते ईसीयूला दिसत नाही, ‘इतक्या पायऱ्या जा’ एवढंच ते सांगतं आणि मोजत राहतं. स्क्रीनवर तिन्ही आकडे सारखेच दिसतात आणि घोळ तिथेच होतो.

बाइट १९

एक बाइट बराच काळ निनावी राहिला. थंड इंजिनावर शून्य. तापल्यावर, गाडी एकसारख्या वेगानं चालताना हळूहळू चढायचा, कधी शंभरापलीकडे जायचा. पाय पूर्ण काढून उतारावर गाडी सोडली की तत्काळ शून्य. इंजिन चालू केल्यावर पहिला काही काळ, तापलेलं असलं तरी, शून्यच.

अशी वागणूक दोन गोष्टींची असते: ईजीआरची (जळालेला वायू पुन्हा इंजिनात घेण्याची) किंवा पर्जची. या इंजिनाला ईजीआर व्हॉल्व्ह नाही, म्हणजे पर्जच उरतो. पण वागणुकीवरून बांधलेला अंदाज हा पुरावा नव्हे, म्हणून बॉनेट उघडून व्हॉल्व्हच्या दोन पिनांच्या कनेक्टरला मागून बारीक प्रोब लावले. एका पिनेवर चावी ऑन असताना १२ व्होल्ट कायम असतात, दुसरी पिन ईसीयू ग्राउंडला जोडून-सोडून व्हॉल्व्ह उघडतं-मिटतं. त्यामुळे दुसऱ्या पिनेवर ड्यूटी सायकल, म्हणजे व्हॉल्व्ह किती टक्के वेळ उघडा ठेवला आहे ते, मोजली तर मीटर ती उलटी दाखवू शकतं, शंभरातून वजा करावी लागते. ती वजाबाकी केल्यावर बाइट १९ वर ६४ असताना २५ टक्के, १०२ असताना ४० टक्के. २५५ म्हणजे शंभर टक्के, ही पट्टी दोन्ही ठिकाणी जुळली. व्हॉल्व्हवर बोट ठेवलं तर टकटकही त्याच लयीत वाढत होती.

पर्जचं काम थोडक्यात सांगतो. टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत सुटू नये म्हणून कोळसा भरलेल्या कॅनिस्टरमध्ये शोषून ठेवतात. इंजिन योग्य अवस्थेत आलं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, मॅनिफोल्डची ओढ कॅनिस्टरमधून वाफ खेचते आणि ती जळून जाते. ही वाफ म्हणजे इंजेक्टरनं न मोजलेलं इंधन. म्हणून ईसीयू व्हॉल्व्ह बेताबेतानं उघडतं आणि ट्रिमवर लक्ष ठेवत इंजेक्टरचं इंधन तितकं कमी करतं.

डळमळीचा लॉग

आता तक्रार मुद्दाम घडवून आणली. इंजिन पूर्ण तापवलं, वीस मिनिटं बंद ठेवलं, चालू केलं आणि गठ्ठा नोंदवत राहिलो.

लॉगमधली एक ओळ, डळमळ ऐन भरात असतानाची: हवेचं तापमान १४४, म्हणजे ६० अंश. आयडल व्हॉल्व्ह १४. ट्रिम १०२, म्हणजे उणे २०.३ टक्के. बाइट १९ शून्य. फ्यूएल सिस्टिमच्या बिटांवरून क्लोज्ड लूप, म्हणजे ट्रिमचा आकडा ऑक्सिजन सेन्सर पाहूनच ठरतो आहे.

बंद गाडीत मॅनिफोल्डजवळचा हवेचा सेन्सर इंजिनाच्या उष्णतेनं तापतो, हे अशा तक्रारीचं पहिलं संशयित कारण. सेन्सर ६० सांगतो, आत येणारी हवा मात्र त्याहून गार. ईसीयू हवा विरळ समजून इंधन कमी टाकतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. पण तसं झालं असतं तर ट्रिम अधिक बाजूला गेला असता. इथे तो वीस टक्के उणे आहे, म्हणजे ईसीयू इंधन कापत सुटलं आहे. मिश्रण रिच आहे, त्यात इंधन जास्त आहे.

दुसरा संशयित गळका इंजेक्टर. बंद इंजिनात इंधन ठिबकतं, पुढच्या स्टार्टला रिच होतं. ते साचलेलं इंधन मात्र चालू झाल्यावर काही सेकंदांतच जळून जायला हवं. इथे मिनिटभर चालतं. शिवाय गळक्या इंजेक्टरनं आयडल व्हॉल्व्ह ३२ वरून १४ वर का यावा? तो मिटत चालला आहे याचा अर्थ इंजिनाला हवा दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनंही मिळते आहे. जास्तीचं इंधन आणि जास्तीची हवा, दोन्ही एकदम. हे दोन्ही सोबत आणणारी एकच नळी आहे आणि ती कॅनिस्टरकडून येते.

आणि बाइट १९ म्हणतो शून्य.

इथे रकाना उपयोगी पडला. बाइट १९ हुकमाचा आहे. ‘मी व्हॉल्व्ह उघडलेला नाही’ एवढंच ईसीयू त्यातून सांगतं. व्हॉल्व्ह मिटलेला आहे असं ते म्हणत नाही, कारण त्याला ते कळायला सेन्सरच नाही. फॉल्ट कोड न येण्याचं कारणही यात दिसतं: व्हॉल्व्हची कॉइल आणि वायरिंग ठीक होती, वीज तपासणाऱ्या ईसीयूला तक्रार करायला जागा नव्हती. ट्रिमही मिनिटभरातच सावरत असल्यानं रिच मिश्रणाचा कोड येण्याइतका वेळ टिकत नव्हता.

पडताळा सरळ होता. तीच परिस्थिती पुन्हा घडवली आणि डळमळ सुरू होताच व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्डकडे जाणारी रबरी नळी चिमट्यानं दाबून धरली. काही सेकंदांत ट्रिम १०२ वरून १२२ वर आला, म्हणजे उणे ४.७ टक्के. आयडल व्हॉल्व्ह १४ वरून ३१ वर चढला. बाइट ७, म्हणजे आरपीएमची बारीक पट्टी, ८४ च्या आसपास स्थिर. चिमटा सोडला, पुन्हा डळमळ.

सकाळी तक्रार का नव्हती हेही यातून उलगडतं. थंड टाकीत वाफ कमी, आणि थंड इंजिन मुळातच ओपन लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरकडे न पाहता, जास्त इंधनावर चालतं, त्यात थोडी भर पडली तर जाणवत नाही. गाडी चालताना इंजिन इतकी हवा घेतं की त्या फटीतून येणारी वाफ तिच्यापुढे क्षुल्लक ठरते. तापलेली टाकी, भरलेलं कॅनिस्टर आणि आयडलिंगची थोडीशी हवा हे तिन्ही जुळून येतात ते गरम गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा चालू केल्यावरच.

व्हॉल्व्ह काढला आणि वीज न देता त्यातून फुंकलं. मिटलेला असायला हवा होता, पण हवा आरपार जात होती. हलक्या हातानं आपटल्यावर तोंडातून काळी पूड पडली. कोळशाचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकून तो पूर्ण मिटत नव्हता. कोळसा तिथे पोचला याचा अर्थ कॅनिस्टर आतून झिजतं आहे. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर नवाही त्याच वाटेनं गेला असता. म्हणून नळ्या साफ केल्या आणि व्हॉल्व्हसोबत कॅनिस्टरही बदललं.

नंतर तोच प्रयोग, तोच लॉग. गरम स्टार्टनंतर ट्रिम १२४ ते १३१ च्या दरम्यान, आयडल व्हॉल्व्ह ३३, बाइट १९ पहिला काही काळ शून्य आणि मग नेहमीसारखा हळूहळू चढणारा. तो चढताना ट्रिम किंचित खाली झुकतो आणि परत वर येतो. हा झोकाही मी वहीत नोंदवला आहे, कारण व्हॉल्व्ह उघडल्यावर वाफ खरोखर येते आहे याची या गाडीत मिळणारी एकमेव खूण तीच.

बत्तीसपैकी नऊ बाइटांपुढचा रकाना अजून कोरा आहे. त्यांतले चार कायम शून्य असतात. बाकीच्यांत एक जोडी इग्निशनच्या टायमिंगशी निगडित वाटते. ती पडताळायला टायमिंग लाइट लावून, एसी चालू-बंद करत, पीआयडी ०ई सोबत लॉग घ्यावा लागेल.